वेष्टनातले अंक

"ताई, प्लास्टिक काढून द्या. असं नाही घेत," रद्दीवाले म्हणाले. संगीतविषयक मासिकाचे वर्षभराचे अंक वेष्टनातच होते. कामांच्या यादीत खूण करून मी वर्गणी मात्र वेळेवर भरत आले. 'मासिकाचा दर्जा घसरलाय' हेही मीच सगळ्यांना सांगते. पूर्वी रागाचं नाव चुकलं तरी माझं पोस्टकार्ड जायचं आणि पुढच्या अंकात दुरुस्ती यायची.

पहिलाच अंक फोडला, तर तंबोऱ्याच्या फोटोखाली 'सतार' छापलेलं. वाचकांच्या पत्रांच्या जागी दागिन्यांची जाहिरात. टोकणारं कुणी उरलं नाही, की चांगला गवईसुद्धा बेसूर होत जातो.

"वाचत नाही, तर मागवता कशाला?"

"बंद पडू नये म्हणून," मी म्हणाले आणि मान खाली घालून पुढचं वेष्टन फाडू लागले.