मामाची होडी आणि सरकारी रोखे

डिझेल परवडेनासं झालं तेव्हा मुरब्याच्या माझ्या मामानं होडी विकली आणि चेक घेऊन तो थेट बोईसरला, माझ्या बँकेत आला. भाची बँकेत आहे, हे तो रांगेतल्या अनोळखी माणसांनाही सांगत होता.

त्याला मुदत ठेव करायची होती. मामीचे दोन्ही गुडघे बदलायचे होते, पण ती भीतीनं पुढे ढकलत होती. ती तयार होईपर्यंत पैसे नीट राहावेत, एवढंच त्याचं मागणं.

त्या तिमाहीत माझं फंड विकण्याचं टार्गेट अपुरं होतं. शाखाधिकारी रोज सकाळी सगळ्यांदेखत विचारायचे. मी मामापुढे दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या फंडाचा अर्ज सरकवला.

"बुडनार तं नाय ना, पोरी?"

"मामा, सरकार कधी बुडतं का?"

हे वाक्य आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. खोटं नव्हतं, अर्धं होतं. रोख्याचं व्याज ठरलेलं असतं, पण त्याचा बाजारभाव रोज हलतो, हे मी बोलले नाही. मी बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली.

मग दूर कुठंतरी युद्ध पेटलं. खनिज तेल भडकलं, पाठोपाठ महागाई वाढली. रुपया घसरला, परदेशी गुंतवणूकदार पैसे काढू लागले. मध्यवर्ती बँकेनं व्याजदर चढवले, सरकारलाही नवं कर्ज जास्त व्याजानं उचलावं लागलं. बाजारात जास्त व्याजाचे नवे रोखे मिळत असताना मामाच्या फंडातले जुने रोखे पूर्ण भावानं कोण घेणार? त्यांचे भाव उतरत गेले. मी पाहत होते, पण मामाला कळवलं नाही.

अशात मामी मोरीत पडली. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. मामा पैसे काढायला आला. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. ठेवले होते त्याहून कमी होते. तो आकडा त्यानं दोनदा वाचला.

"असा कसा झाला?"

मी तेलापासून सुरुवात केली. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"दिजलापायी होडी विकली. आता हा पैसा पन दिजलानंच खाल्ला?"

"थोडा थांबलास तर भरून निघेल, मामा."

"तुजे मामीच्या गुडघ्याला सांग थांबायला."

लोक बघत होते. मी खालच्या आवाजात म्हटलं, "मला नीट माहीत नव्हतं रे."

"म्हाईत नव्हता, तं तसा सांगायचा," एवढंच बोलून त्यानं फॉर्म मागितला.

मला माहीत होतं. तरी त्यानं मला अडाणी समजावं, हे मी चालवून घेतलं.

त्या पैशांत एकच गुडघा झाला. दुसरा तसाच राहिला. मामी काठी धरून चालते. ज्यानं होडी घेतली, त्याच्याकडेच मामा आता खलाशी म्हणून जातो. मला मात्र त्याला फंड विकला त्या तिमाहीचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, शाखाधिकाऱ्यांनी हार घातला होता, फोटो निघाला होता.

पुढे महागाई निवळली, व्याजदर उतरले. त्या फंडाचा भाव मामानं घेतला होता त्याच्याही वर गेला. मी मोबाइलवर अजून बघते. मुरब्याला जाऊन हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही, आणि तिथून मला कुणी बोलावतही नाही.