काशिनाथला मी दोनदा थांबवलं

मी इंजिनिअर्समधून सुभेदार म्हणून रिटायर झालो. गाव दिघाशी. शेवटची मोठी पोस्टिंग लडाखला, फिल्ड कंपनीत. काम एकच, बर्फ काढून रस्ता चालू ठेवायचा. पहाटे पाचला रांगेत फॉल इन, साडेपाचला डोझर सुरू, नऊच्या आत लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटला पाहिजे. सुटला नाही तर संध्याकाळी रोलकॉलला कोणीतरी उभं राहून कारण सांगायचं. जबाबदार माणूस कोण, हे रोज ठरलेलं असायचं.

काशिनाथ हुद्द्याने नाईक होता, डोझर ऑपरेटर, आमच्याच तालुक्यातला, वडप्याचा. गाववाला म्हणून मी त्याला जरा जास्तच झापायचो. एका सकाळी तो पुढे निघाला होता आणि मला वरच्या उतारावर बर्फात बारीक भेग दिसली. मी वायरलेस सेटवर म्हणालो, "काशिनाथ, थांब." का, म्हणून त्याने विचारलं नाही. मशीन जागच्या जागी उभी केली. काही सेकंदांत अख्खा उतार त्याच्या ब्लेडपुढे खाली आला. त्या दिवसापासून माझं 'थांब' त्याच्यासाठी शेवटचा शब्द झालं.

रिटायर झाल्यावर दोघं वडप्याला एकाच गोडाऊन कंपाऊंडवर लागलो. मी सिक्युरिटी सुपरवायझर, तो गार्ड. कंपाऊंडपासून पायी दहा मिनिटांवर फायर स्टेशनसाठी राखून ठेवलेला प्लॉट आहे. तिथे मी तीन भूमिपूजनं पाहिली. नेता तिन्ही वेळा तोच, सगळे त्याला भाऊ म्हणतात. नारळ फुटायचा, कुदळ मारायची, फोटो निघायचे. नंतर प्लॉटवर म्हशी चरायच्या.

तिसऱ्या वेळी काशिनाथ भडकला.

"साब, ह्यो आळस न्हाय. ह्यो डाव हाय."

"येडा झालास काय? फाईल अडकली असेल कुठेतरी."

"तीनदा अडकली?"

त्याने गावातली शंभर माणसं तयार केली होती. काम सुरू होईपर्यंत हायवेवर बसायचं, एकही ट्रक सोडायचा नाही. मी म्हणालो, "फौजी माणूस रस्ता अडवत नाही. अर्ज करू. तू थांब." युनिफॉर्म उतरून किती वर्षं झाली होती, तरी तो थांबला. मी सहा अर्ज लिहिले, प्रॉपर चॅनेलने, पोच घेऊन. चॅनेल म्हणे! अक्कल गहाण ठेवली होती मी.

मार्चमधला मंगळवार. दुपारी दोन वीसला गेटवर माझा सेट वाजला.

"गेट, काशिनाथ. सी ब्लॉकमधून धूर. ओव्हर."

"आत कोण आहे? ओव्हर."

"दोघं लोडर. मी आत जातो."

मी फायर ब्रिगेडला फोन लावला. दोन एकतीसला त्याने एका लोडरला खांद्यावर टाकून बाहेर आणलं आणि दुसऱ्यासाठी परत आत शिरला. दुसरा मागच्या शटरखालून केव्हाच निसटला होता, ते आम्हाला माहीत नव्हतं. दोन अडतीसला छप्पर बसलं, काशिनाथ आतच होता. शहरातून निघालेला बंब ट्रॅफिकमधून वाट काढत तीन पंचवीसला पोचला. प्लॉटवरून तो पाच मिनिटांत आला असता.

दोन महिन्यांनी नात्यातल्या हळदीला गेलो. भाऊंचा खास माणूस शेजारी बसला होता, दोन पेग झालेले. मी विचारलं, स्टेशन का होत नाही?

तो हसला. "सुभेदार, तुम्ही लय भोले. स्टेशन झालं तर साहेब लोक येनार, गोडाऊनं तपासनार, सील ठोकनार. आता तपासनी टळते म्हनून गोडाऊनवाले पाकीट घेऊन भाऊंच्या दारात येतात, मग कशाला येतील? आनि पुढच्या इलेक्शनला गावाला काय सांगू आमी?"

सरकार नालायक आहे, असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. नालायक कसलं, ते ठरल्याप्रमाणे चोख चाललं होतं. काशिनाथला ते कळलं होतं आणि मी त्याला येडा म्हणालो होतो. माझे हात शिवशिवत होते. पण त्या माणसाचा एकट्याचा गळा धरून माझं भागणार नव्हतं.

निवडणूक तोंडावर आली तसं चौथ्या भूमिपूजनाचं आमंत्रण आलं. स्टेशनला काशिनाथचं नाव देणार होते. माजी सैनिकांनी मेडल लावून मानवंदना द्यावी, असा निरोप होता. मी हो म्हणालो. मग त्याच्या बायकोकडे, सुनंदाकडे गेलो आणि सगळं सांगितलं, माझ्या दुसऱ्या 'थांब'सकट. ती खाली बघून भाजी निवडत राहिली.

"भावजी, त्या भाऊच्या नावाखाली आमच्या ह्यांचं नाव न्हाय पायजे."

"नाही राहणार, वहिनी."

भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी दहाला बावीस माजी सैनिक प्लॉटवर फॉल इन झाले. भाऊंनी पडदा ओढला. संगमरवरी पाटीवर वर त्यांचं नाव ठसठशीत, खाली काशिनाथचं बारीक. माईक माझ्या हाती आला. हळदीतलं बोलणं मी शब्दाला शब्द सांगितलं आणि बोलणाऱ्याकडे बोट दाखवलं. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिथेच उभा होता. मग ऑर्डर दिली, "परेड, पीछे मुड." बावीस पाठी फिरल्या. त्यांच्या मागे गावाने पाठ फिरवली. भाऊंच्या हातातला नारळ हातातच राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊ तरीही निवडून आले. कमी मतांनी, पण आले. आता त्यांच्या प्रत्येक सभेला मी मेडल लावून पहिल्या रांगेत बसतो. बोलताना त्यांची नजर माझ्यावर पडते आणि पुढचं वाक्य हुकतं. मी मरेपर्यंत बसणार आहे.

निकालानंतर आम्ही ती पाटी उखडून काशिनाथच्या शेतात आणली. भाऊंचं नाव मी स्वतः छिन्नीने काढलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दोन तास लागले. पाटी बांधावर उभी केली. खाली उरलं ते एवढंच: नाईक काशिनाथ बाळाराम, इंजिनिअर्स. आम्ही सॅल्यूट केला.

वरचा भाग फारच खडबडीत दिसत होता. मी सुनंदाला म्हणालो, "सिमेंट लावून सारखं करून देतो."

"नको भावजी, ऱ्हाऊ द्या तसंच. हितं कुनाचं नाव होतं, ते लोकांनी इचारलं पायजे."