मुलगी बघायला गेले आणि बूट बघत बसले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कोणी फिसकन हसलं तर मी हातातला कप काढून घेईन, सांगून ठेवते. कारण जे झालं ते माझ्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीत झालं, आणि झालं ते एका बुटामुळे. तोही माझा नव्हे.

मी मिरजोळ्याला राहते, एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करते. आमचे हे मुंबईला नोकरीला. मला साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज चालत जा."

मी म्हटलं, "दिवसभर चालतेच की. ओट्यापासून गॅसपर्यंत, गॅसपासून मोरीपर्यंत."

"ते चालणं नव्हे."

मग ते काय, झोपणं? पण डॉक्टरशी कोण वाद घालणार, सुई त्याच्या हातात. निघाले सकाळी चालायला. पायात तीच माझी रबरी चप्पल. आठ दिवसांत टाच अशी दुखायला लागली की अंथरुणातून उठून पाय जमिनीला टेकवताना देव आठवायचा.

शेजारीण म्हणाली, "रनिंगचे बूट घे."

"या वयात पळून कुणाबरोबर जाऊ?"

"पळायचे नसतात ते. नुसते घालायचे असतात."

हे खरं होतं. आमच्या रस्त्यावर सकाळी ज्या बायका येतात, त्यांच्या पायात पळायचे बूट, अंगात पळायचे कपडे, मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ. आणि सगळ्या पुलाच्या कठड्यावर बसलेल्या. घड्याळालाही वाटत असेल, आज सुट्टी आहे.

तर गेले दुकानात. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "रोड की ट्रेल?"

मी म्हटलं, "मिरजोळे."

त्याने एक हिरवागार बूट काढला. म्हणाला, "हा बघा ताई, यात एनर्जी रिटर्न आहे. तुम्ही जेवढी ताकद लावाल, ती बूट तुम्हाला परत देतो."

"संसारात इतकी वर्षं ताकद लावली, कोणी परत दिली नाही. हा तुझा बूट देणार?"

"मग हा घ्या. इतका हलका की घातल्यासारखा वाटणारच नाही."

"तर मग घालू कशाला? अनवाणीच जाते."

एक बूट होता स्पर्धेचा, एक डोंगराचा, एक नुसता लाल. मला रोज सकाळी सावकाश, कुणाशी शर्यत न लावता, चार पावलं सुखाने चालायची होती. त्यासाठीचा बूट त्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर, धुळीत होता. तो त्याने दाखवलाच नाही, माझा मीच पाहिला.

शेवटी कंटाळून तो म्हणाला, "असं करा, तुमची चप्पल उलटी करा." मी केली. "बघा, आतल्या बाजूने झिजलीय. तळ बघितला की माणूस कसा चालतो ते सगळं कळतं. आणि ताई, नवा बूट सगळाच मऊ लागतो. सात-आठ महिने वापरल्यावर ज्याचा तळ बसत नाही, तो खरा."

बोलला तो माल खपवायला. पण मला पटलं. मी सुरमई घेताना कल्ला उघडून बघते, बोटाने दाबून बघते. मग बूट न बघता कसा घेणार? आणि नवा बघून कळत नसेल तर वापरलेलाच बघायला हवा. बूट न घेताच घरी आले.

त्या दिवसापासून मला लोकांची तोंडं दिसेनाशी झाली. देवळाच्या पायरीवर, बँकेत, रिक्षात, सगळीकडे बूट. कुठे काढून ठेवलेला दिसला की अंगठ्याने दाबायचा, वाकवायचा, उलटा करायचा. दवाखान्याबाहेर एकाचा बूट बघत होते, तर तो आतून सलाईनच्या बाटलीसकट धावत आला. आजारी माणूस, पण पळाला चांगला. बूट खरंच बरा असणार.

अशा अवस्थेत सुमीतचं स्थळ आलं.

सुमीत माझा मुलगा, कंपनीत फिटर आहे. व्यसन नाही, उलट बोलत नाही, माझ्या पोटी असा कसा आला देव जाणे. पण मुलीकडचे पहिलं विचारतात, मुंबईत खोली आहे का? नाही म्हटलं की पोहेसुद्धा गार देतात. तिशी उलटली पोराची. आता तो स्थळाचं नाव काढलं की बाईक पुसायला लागतो. बाईक नुसती चमकते.

ही मुलगी स्वाती, पालीच्या बाजूची. शाळेत खेळाची शिक्षिका. तिने स्वतःच सांगितलं होतं की रत्नागिरी सोडणार नाही, मुंबईचा मुलगा दाखवू नका. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं, सुमीतला ठाऊक होतं. मध्यस्थी करणारे जनाभाऊजी, म्हणजे यांचे चुलतभाऊ, त्यांनी तर रिक्षात बसतानाच हात जोडले.

"वहिनी, आज तेवढं तोंड आवरा."

मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना सांगितलंत ना? आमच्याकडे मुलीला चालून दाखव, वाचून दाखव, असली थेरं नाहीत."

"सांगितलंय."

हे मी मुद्दाम सांगायला लावलं होतं. माझ्या वेळी मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं होतं, लंगडते का बघायला. सासऱ्यांच्या मामाने तर परत एकदा चालायला लावलं. का, तर पहिल्या वेळी तो पान लावत होता. त्या मामाला मी अजून शिव्या घालते, तो वर जाऊन कित्येक वर्षं झाली तरी.

पोचलो. पायरीवर चपला काढल्या. सुमीत आणि भाऊजी आत गेले. आणि मला तो दिसला.

राखाडी रंगाचे बूट, धुऊन उन्हात ठेवलेले. पुढून रुंद, टाचेला जाडसर, ना चकाकी ना नखरे. रोज वापरातले, हे लांबून कळत होतं. मी उचलला. अंगठ्याने दाबला, तर लगेच वर आला. वाकवला, तर बोटांपाशी वाकला, मधे नाही. उलटा केला, उजेडाला धरला, एक डोळा मिटून तळ न्याहाळला. वास घेतला नाही एवढंच.

मान वर केली तर दारात मुलीची आत्या, हातात पाण्याचा तांब्या. वयाने माझ्यापेक्षा मोठी, बाकी माझ्यासारखीच. आवाज आधी येतो, मागून माणूस.

"काय हरवलं काय गो बाय?"

"नाय, बघत होते."

"काय?"

"तळ."

ती आत गेली. पाणीही गेलं.

आत बसलो. स्वाती पोहे घेऊन आली. उंच, काटक, सरळ बघणारी. मला आवडली. सुमीतला इतकी आवडली की त्याने बशी डाव्या हाताने घेतली. तिथेच मी गप्प बसले असते तर आज हा किस्सा नसता. पण डोक्यात बूट.

"ते बाहेरचे बूट तुझे ना गो?"

"हो."

"किती दिवस वापरतेस?"

"झाले सात-आठ महिने."

दुकानदाराने सांगितलं होतं तेवढेच. मी पुढे सरकून बसले. "रोज घालतेस? मग पाय नाही दुखत?"

मुलीच्या वडिलांचा कप ओठाशी थांबला.

"नाही," स्वाती म्हणाली.

"टाच?"

"नाही."

"गुडघा? कंबर? रात्री पाय वळतात का?"

वडील म्हणाले, "आमच्या मुलीला कसलाही आजार नाही."

"तसं नव्हे हो. उजव्या बुटाचा तळ आतून जरा जास्त झिजलाय, म्हणून विचारलं."

जनाभाऊजींना ठसका लागला. सुमीत जमिनीकडे अशा नजरेने बघत होता की फरशी उचकटून आत शिरेल. आणि मी, शहाणी, वर म्हणाले, "बूट घालून जरा अंगणात चालून दाखवतेस? कसा वाकतो ते बघते."

वडील उभे राहिले. "जनाभाऊ, तुम्ही तर म्हणाला होतात यांच्यात असलं काही नाही."

आत्या म्हणाली, "मी मगाशीच आत सांगितलंय. पोर लंगडते काय ते बगतायत. लोकं मुलीचा चेहरा बगतात, ह्या तळ बगतायत."

तेव्हा मला कळलं. इतका वेळ लागला, बघा. ज्या मामाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्याच जागी मी बसले होते. हातात पोह्यांची बशी घेऊन.

"अहो, मला बूट घ्यायचाय," मी म्हणाले.

खरं होतं की नाही? पण ऐकायला कसं वाटतं ते तुम्हीच सांगा.

आत्या म्हणाली, "मग दुकानात जावा. हितं मुलगी हाय."

मी सगळं सांगायला लागले. साखर, डॉक्टर, टाच, दुकानदार. कोणाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. पुरावा हवा म्हणून मी बाहेर गेले, माझी चप्पल घेऊन आले आणि भर घरात उलटी करून दाखवली. "ही बघा, आतून झिजलीय."

समोर देव्हारा. जनाभाऊजींनी डोळे मिटले. सुमीत हळूच उठला आणि दाराकडे सरकला. हेही स्थळ गेलं, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं मला दिसलं.

स्वाती म्हणाली, "काकू, चप्पल आधी बाहेर ठेवा."

ठेवली.

"टाच सकाळी उठल्यावर दुखते की चालून आल्यावर?"

"सकाळी."

"बूट खरंच घ्यायचेत?"

"खरंच गो. देवाशप्पथ."

"मग आता तुम्ही चालून दाखवा."

मी आजवर गॅसवाल्याला, वायरमनला, सरपंचाला तोंडावर उत्तर दिलंय. या पोरीने सांगितलं आणि मी पदर खोचून उठले. सगळे बाहेर आले. आत्याने स्वतःची खुर्ची स्वतः उचलून आणली, अगदी पुढे लावली.

"अनवाणी चाला. त्या आंब्यापर्यंत जा," स्वाती म्हणाली. "साडी घोट्याच्या वर धरा. काकू, रोजच्यासारखं चाला, मिरवणुकीत चालल्यासारखं नको."

मी चालले. पन्नाशीची बाई, डबेवाली, साडी दोन्ही हातांनी उचलून.

"लाजू नका," आत्या म्हणाली. "आपलंच घर समजा."

वडिलांचा राग अजून गेला नव्हता, पण नजर हटत नव्हती. बहिणीला हळूच म्हणाले, "पाठीत जरा वाकतात का गं?"

आतून मुलीच्या आईने खिडकीतून विचारलं, "आवाज कसा आहे?"

"तो मगाशी ऐकलान सगळ्यांनी," आत्या म्हणाली. "परत एकदा चाला गो बाय. मी सुपारी फोडत होते."

परत चालले. काय करणार?

मग स्वातीने आपले ते राखाडी बूट माझ्या पायात घातले. उकडीच्या मोदकात सारण बसावं तसा पाय बसला. कोणी सांगितलं नव्हतं तरी मी फाटकापर्यंत जाऊन आले. टाच आहे की नाही, कळेना.

"कुठला घेऊ मग?" मी विचारलं.

"जो घातल्यावर पायाची आठवण येत नाही तो. रंग बघू नका, दुकानदाराचं ऐकू नका. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. बोटांच्या पुढे अंगठ्याएवढी जागा राहू दे. आणि बसून ठरवू नका, दुकानात फिरून बघा. हाकललं तर हाकलू दे."

"मला कोण हाकलतोय?"

"ते आलं लक्षात," ती म्हणाली.

निघताना लग्नाचा विषय कोणी काढला नाही. काढायला तोंड कुणाला होतं?

रिक्षा हातखंब्याच्या फाट्यावर आली. सुमीत म्हणाला, "आई, ती माझ्याशी एक शब्द तरी बोलली का?"

"बोलली की."

"काय?"

"जरा बाजूला व्हा, काकूंची पावलं दिसत नाहीत, म्हणाली."

त्यावर तो मिरजोळ्यापर्यंत रिक्षाबाहेर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच दुकानात गेले. खालच्या फळीवरचा धुळीतला बूट काढायला लावला, घातला, दुकानात चकरा मारल्या, मग बाहेर फुटपाथवर मारल्या. दुकानदार मागून धावत आला, त्याला वाटलं गेली बूट घेऊन. तोच घेतला. रोज सकाळी घालते आता. टाच जवळजवळ गप्प झालीय. पण चालताना मनाला सुख नव्हतं हो. पायाला एवढं सुख आणि पोराचं स्थळ त्यात बुडालेलं. सुमीत परत बाईक पुसायला लागला होता.

चार दिवसांनी जनाभाऊजींचा फोन आला. तव्यावर चपाती होती, ती जळाली तरी चालेल म्हणून फोन कानाला लावला.

"वहिनी, पालीचा निरोप आलाय."

"नाही म्हणाले ना? सांगा एकदाचं."

"नाही म्हणाले नाहीत."

"म्हणजे हो?"

"म्हणाले, मुलाची आई पसंत आहे. पोटात एक, ओठात एक नाही. शिवाय चालून बघितली, पायात काही दोष नाही."

"आणि सुमीत?"

"त्याला कोणी बघितलाच नाही म्हणतात. सगळे तुमच्याकडे बघत होते. येत्या रविवारी परत पाठवा म्हणालेत. मुलीनेच सांगितलंय तसं."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "रविवारी सकाळीच निघतो आम्ही. मी नवे बूटही घालून येते, स्वातीला दाखवायला."

पलीकडे भाऊजी खाकरून म्हणाले,

"वहिनी, त्याला एकट्याला पाठवा म्हणालेत."