कुरडयांखालची निळी शीट

"मग शीट यायची बंद कशी झाली, ते सांगा ना वहिनी," समर्थ म्हणाला. तो जिन्याच्या दारातच उभा होता, त्यामुळे वर्षालीला खाली जाता येत नव्हतं की गच्चीवर. "ऑर्डर निम्म्यावर आली म्हणून मी तुमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्याला शिव्या घालत होतो. आणि कात्री लावणारा हात घरातलाच निघाला!"

"हळू बोला भावजी. भाडेकरू ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनाही कळू दे, या घरात कोण कुणाच्या पोटावर पाय देतंय."

"आरं, मी आपलं सहज बोलले," सासूबाई, सावित्रीबाई, कुरडयांचा चीक ढवळता ढवळता म्हणाल्या. "औंदा निळं कापड आलं न्हाई, कुरडया कशावर घालू, एवढंच म्हनलं. तू लगेच हिच्या अंगावर येशील हे मला काय ठावं?"

वर्षालीनं गॅस बारीक केला. समर्थ म्हणत होता ते खरं होतं.

मोशीतल्या या घरात वर्षाली लग्न होऊन आली तेव्हा खालच्या खोल्यांत सासऱ्यांची बी-बियाणं असायची. आता तिथं निळ्या रंगाचे मोठाले रोल होते. दिसायला कापड, पण होतं प्लॅस्टिकच. चाकणच्या कंपनीनं समर्थला घरी बसवलं तेव्हा वर्षालीनंच हॉस्पिटलात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. ती भोसरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. तिच्या शब्दाला तिथं वजन होतं. तेव्हापासून समर्थची बायको विजयश्री आणि गल्लीतल्या बायका खाली बसून ऑपरेशनचे गाऊन आणि शीट शिवायच्या, समर्थ त्यांची पाकिटं करून, भोसरीत निर्जंतुक करून आणून हॉस्पिटलला पोचवायचा. एकदा वापरायचं आणि टाकायचं.

धंदा वाढला तशी खोकी जिना चढून वर आली. आधी गॅलरी भरली, मग बेडरूमची खिडकी. मालावर धूळ नको म्हणून उरलेल्या खिडक्याही बंदच. तशाही त्या उघडून उपयोग नव्हता. वारा फिरला की कचरा डेपोचा वास घरभर व्हायचा. भर दुपारी ट्यूब लावून भाजी निवडायची. खोक्यांबद्दल वर्षाली कधी बोलली नाही. ती आणली कुणी, तर तिनंच.

निळ्या शीटचा उलटा प्रवासही तिनंच सुरू केला होता. थिएटरमध्ये पद्धत अशी, की ऑपरेशनच्या आधीच सगळी पाकिटं उघडून ट्रॉली भरून ठेवायची. सर्जननं हात पुढे केला आणि वस्तू नसली तर तो सगळ्यांसमोर ओरडतो, म्हणून सिस्टर मागण्याआधीच उघडतात. आणि एकदा उघडलेलं पाकीट दुसऱ्या पेशंटला चालत नाही. न वापरलेली, कोरी करकरीत शीट टाकवत नाही म्हणून सिस्टर ती घरी न्यायच्या. वर्षालीही आणायची. सावित्रीबाईंनी त्या गव्हाच्या पोत्यांवर, टीव्हीवर, मोटारसायकलवर घातल्या. उन्हाळ्यात गच्चीवर त्यांच्यावर कुरडया पडू लागल्या. शेजारणी मागायच्या तेव्हा त्या म्हणायच्या, "आमची सून घेऊन येते. लई भारी माल हाय."

तळमजल्यावर शिवलेलं हॉस्पिटलात उघडलं जायचं आणि पेशंटच्या अंगाला न लागता गच्चीवर परत यायचं. मागच्या उन्हाळ्यात विजयश्रीनं कुरडया काढता काढता एक कोपरा उचलून पाहिला होता.

"ताई, ही माझीच शिलाई की. शेवटी मी मशीन मागे घेते ना, ते बघा." मग हसत, "मला वाटायचं कुणाच्या तरी उपयोगी पडत असेल."

वर्षालीनं तेव्हा परात पुढे सरकवली होती आणि विषय बदलला होता.

मग डॉक्टर जिकरा आल्या. भूलतज्ज्ञ, वयानं वर्षालीपेक्षा बऱ्याच लहान. भुलेचा गॅस लागेल तेवढाच सोडायच्या. जास्तीचा हवेत जातो आणि हवा तापवतो, असं शांतपणे सांगायच्या. एकदा हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्यांनी ट्रॉलीवरचं न वापरलेलं सगळं एका टेबलावर मांडायला लावलं. टेबल भरलं.

"सिस्टर, हे जळायलाच जाणार ना?"

"काही जळतं. काही घरी जातं," वर्षाली म्हणाली. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"पेशंटला धोका न होता यातलं काय कमी करता येईल, ते मला कळणार नाही. तुम्हाला कळेल. आणि सर्जन माझ्यावर चिडतील, तुमचं ऐकतील."

सर्जन तिच्यावरही चिडले. पण महिनाभरात थिएटरमध्ये नवी पद्धत बसली. रक्तस्राव झाला तर लागणाऱ्या वस्तू हाताशी, उघड्या. बाकीचं मागितल्यावर उघडायचं. ट्रॉली हलकी झाली, जाळायला जाणाऱ्या पिवळ्या पिशव्या कमी भरू लागल्या, आणि वर्षालीच्या पर्समधून निळी शीट यायची बंद झाली.

"आणि आता सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणे कापडी गाऊन आणायचं ठरणार." समर्थ दारातून हलला नव्हता. "धुवायचे, वाफेत निर्जंतुक करायचे, परत वापरायचे. म्हणजे मी संपलोच. तिथंही तुम्हालाच विचारणार ना, की सिस्टर लोकांना जमेल का?"

"हो. मलाच विचारणार."

"मग नाही म्हणा. सोपं आहे. इन्फेक्शन होईल म्हणायचं. इन्फेक्शन म्हटलं की मोठमोठे डॉक्टर गप्प बसतात."

ते खरं होतं. तिनं खोटं बोलल्याचं कुणालाही कळलं नसतं. फक्त डॉक्टर जिकरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं असतं आणि पुढचं काही विचारलं नसतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. निरंजन बंद खिडकीपाशी खोक्याला टेकून मोबाइल बघत बसला होता. वर भिंतीवर त्याच्या कंपनीनं बक्षीस दिलेलं घड्याळ. मशीनवर वाया जाणारा माल कसा वाचवला, त्याबद्दल मिळालेलं. मागितल्यावर उघडायचं, ही युक्ती तिला सुचली ती त्याच्याच गप्पांतून. तो रोज जेवताना तेच सांगायचा.

"अहो, तुम्ही तरी बोला. वाया जाणारं थांबवलं म्हणून तुम्हाला घड्याळ मिळतं."

"कंपनीचं वेगळं असतं," निरंजन म्हणाला.

"काय वेगळं असतं?"

"तिथं भाऊ नसतो कुणाचा." मग जरा मवाळ होत, "असं कर ना, कापडी गाऊन शिवायचं काम यालाच दे म्हणावं. तुझा शब्द चालतो तिथं."

"एकदा चालवला तो शब्द. म्हणून तर झोपायला खोकी ओलांडून जाते मी." तिचा आवाज चढला, तिचा तिलाच परका वाटला. "दिराला काम मिळावं म्हणून ही कापडी म्हणते, असं उद्या कुणी म्हटलं तर? त्या डॉक्टर पोरीनं माझ्या भरवशावर मीटिंग बोलावलीये."

"बघा!" समर्थ टाळी वाजवून म्हणाला. "परकी डॉक्टर जवळची. घरचे मेले तरी चालतील."

"भावजी, तुमच्या पाकिटातला गाऊन कुणाच्या अंगावर चढला असता तर मी एक शब्द बोलले नसते."

समर्थ आईकडे वळला. "आई, सांग तिला तूच."

सावित्रीबाईंनी चमचा काढून ठेवला. "मला त्यातलं काय कळत न्हाई. पर एक सांगते वर्षाली. हाताला काम न्हवतं तवा हा पोरगा महिनाभर भिंतीकडं तोंड करून झोपला व्हता. त्याला पुन्यांदा तसा निजवू नको बाई."

हे मात्र वर्षालीला टाळता येईना. ते तिनंही पाहिलं होतं. ताट घेऊन तीच जायची आणि ताट तसंच परत आणायची. आता समर्थ दारात होता, निरंजन खिडकीला, सासूबाई ओट्याशी, आणि मधल्या जागेत खोकी. तिनं पदरानं गळा पुसला.

विजयश्री खालून वर आली. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. समर्थच्या काखेखालून ती आत आली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "आई, ऊन वर आलंय. चीक घट्ट होईल. कशावर घालायच्या कुरडया? खाली नवा रोल उघडू का?"

"उघड की," समर्थ म्हणाला. "आता दुसरं काय करायचंय त्याचं?"

"नको उघडू," वर्षाली म्हणाली.

तिनं ओट्यावरचं फडकं घेऊन हात पुसले. आवाज आता खाली आला होता. थिएटरमध्ये सिस्टरना सूचना देतानाचा तो आवाज होता.

"सोमवारी मी जमेल म्हणून सांगणार आहे. हे माल पुरवणारे माझे दीर आहेत, तेही तिथंच सांगणार. कापडी कामासाठी भावजींचं नाव मी काढणार नाही. त्यांना दर कळवायचा तर इतरांसारखा कळवावा, घ्यायचा की नाही ते हॉस्पिटल बघेल. आणि विजयश्री, माझ्या कपाटात खालच्या फळीवर जुनी सुती साडी आहे. कुरडया तिच्यावर घालायच्या."