मेव्हन्याला जोड पायजे

माझ्या मेव्हन्यानं मला आजवर किती वेळा पाडलं ते मी मोजलं न्हाई. आपलंच पडनं कोन मोजत बसतंय.

मेव्हना म्हंजे बायकोचा धाकटा भाऊ. कान जन्मापासून बंद. डोळे मिसरूड फुटायच्या वयात मंद व्हत व्हत गेले. त्याच्या आदी गडी तालमीत जायचा, पोखर्नीकडच्या त्यांच्या गावात जोडीचं पोरगं उभं ठिवत न्हवता. डोळे गेले तशी तालीम सुटली. घरच्यांनी शेरडांपाशी बाज टाकून दिली, हितं बस म्हनले. जीव सगळेच लावायचे, पन बाजेवरून उठू कोनी देत न्हवतं.

मग बायकोनं त्याला आमच्याकडं आनला, आन परभनीहून एक बाई यष्टीनं यायला लागली. असल्या लोकांना ती शिकवती. तळहातावर बोटानं अक्षर काढायचं आन बोलायचं. बायको पटकन शिकली. मला कागदावरचं येत न्हाई, तळहातावरचं काय येनार? मी काढाय लागलो की मेव्हन्याला नुसत्या गुदगुल्या. बाईनं हात टेकले, म्हनली, दाजी, तुमी आपल्या खुना ठरवा. मग गळ्यावरून बोट फिरवलं की पानी, मांडीवर थाप मारली की कुस्ती. जवळ गेलेला मानूस कोन हाय हे त्याला आदी कळलं पायजे, म्हनून ज्याची त्याची खून. माझे कान सुपायवढे. त्याचा हात माझ्या कानाला लावला की त्याला समजतं, आलं येडं.

ह्या साली जत्रा जवळ आली आन गडी मांडीवर थापा मारत सुटला. खेळायची म्हनला. सराव कोनासंगं? पोरं म्हनली, आमी न्हाई बा, लागलं-बिगलं तर. ऱ्हायलं कोन, दाजी. रोज संध्याकाळी वावरातल्या भुसभुशीत मातीत हातात हात द्यायचा. त्या हातातूनच माझा आख्खा बेत त्याला कळायचा. मी डाव टाकायचा इच्यार करूस्तर आभाळ दिसायलंय. बायको बांधावरून म्हनायची, "आवो, निदान पडायचा तरी सराव चांगला व्हायलाय."

जत्रंच्या दिवशी फडात गेलो तर पंच म्हनले, ह्याला रेवड्याच्या कुस्तीत घालतो. रेवड्याची कुस्ती म्हंजे चड्डी सावरत पळनाऱ्या लेकरांची. हारा न्हाई तर जिंका, मूठभर रेवड्या. बायको अजून मागं बायांत व्हती, आता हे मेव्हन्याला मी सांगायचं कसं? मी परातीतली एक रेवडी उचलून त्याच्या तळहातावर ठिवली. त्यानं ती चाचपली आन पंचाच्या दिशेनं फेकली. नेम चुकला, माझ्या कपाळाला लागली.

पंचानं इचारलं, हाड मोडलं तर जिम्मेदारी कोनाची? मी छाती काढून म्हनलं, माझी. म्हनले, आन तुमची कोनाची? आख्खा फड हसला. मंग बायको पुढं झाली. तिनं शिस्तीत सांगितलं: हातात हात देऊन सुरू करा, सुटले तर थांबवून परत धरून द्या, शिट्टीच्या जागी पाठीवर थाप मारा. गावचा म्हातारा वस्ताद तिथंच बसलेला, त्यानं मान हलवली, तवा पंच राजी झाले. जोड म्हनून सोनपेठकडचा एक दांडगा गडी ठरला.

हलगी वाजली. हातात हात पडले, आन मी श्वास घेऊस्तर मेव्हन्यानं त्याला चित केला. चितपट! मी टोपी उडवली, ती परत आलीच न्हाई. शिट्ट्या, आरडाओरडा, मी तर नाचायलो. आन मेव्हना? हाताची घडी घालून मातीत बसलेला, न्हाई न्हाई म्हनून मान हलवायलेला.

मी आत पळालो आन आनंदाच्या भरात खून द्यायचीच इसरलो. मागून मिठी मारली. त्याला वाटलं, जोडीदार परत आला. पुढचं काय सांगू? आभाळ दिसलं. भोंग्यावरून आवाज आला, दाजी चितपट. पडल्या पडल्या त्याचा हात माझ्या कानाला लावला, तर त्यानं तो पिळलाच. मंग माझा हात उचलला, वाळत घातलेल्या फडक्यासारखा ढिला लोंबू दिला, आन झटकून टाकला.

मला उमगलं. सोनपेठचा गडी मुद्दाम पडला व्हता. सगळ्या फडाला फसवलं, पन मेव्हन्याच्या हाताला न्हाई.

मी उठून जोडीदाराला तसं म्हनलं. त्यानं मान खाली घातली. "दाजी, मला वाटलं, तेवढाच त्याला आनंद."

बायको कडंला उभी व्हती. म्हनली, "आनंद आमी घरी देतो, भाऊ. तू कुस्ती दे."

पंचानं परत हात धरून दिले. आन आता काय लागली म्हनता! दोघंबी मातीनं लाल. मेव्हना खाली गेला की माझा जीव खाली, वर आला की मी वर. शेजारच्या एका मान्साचा दंड मी इतका आवळला की त्यो म्हनला, आवो, मी नुसता बघायला आलोय. हलगीवाला वाजवायचं सोडून बघत उभा. एकदा तर जोडीदाराची पाठ मातीला टेकायलीच व्हती, पन तो सटकला, त्यानं पाय आडवा घातला, आन मेव्हना धाडकन पाठीवर. पंचानं थाप मारली. हारला.

हारला, आन पडल्या जागी खदाखदा हसायला लागला. जोडीदारानं हात देऊन उठवला तर ह्यानं तो हात सोडलाच न्हाई. त्याचा दंड दाबून बघितला, खांदा दाबून बघितला आन परत मांडीवर थाप मारली. पंच म्हनले, आज बास, बाकीच्यांच्याबी कुस्त्या हायेत.

वस्ताद आमच्याकडं आला. म्हनला, तालमीत धाडा. एवढंच.

आता आमी दोघं नवरा-बायको त्याला तालमीत सोडायला जातो. पैल्याच दिवशी वस्तादानं त्याला एक सनसनीत शिवी हासडली, पाय उशिरा का टाकला म्हनून. बायको दारात व्हती. तिनं इकडं तिकडं बघितलं, पदर सावरला आन ती शिवी जशीच्या तशी त्याच्या तळहातावर काढली. काय खूश झाला गडी! मला म्हनाल तर जन्मात पैल्यांदा वाटलं, च्यायला, आपुनबी अक्षरं शिकाय पायजे व्हती.