पोहोचबाईंचे चाळीस प्रश्न

आमच्या कचेरीतून दर दोन वर्षांनी एक सहल निघते आणि तिची व्यवस्था गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. यादी केल्याशिवाय मला झोप लागत नाही आणि यादी केली की इतरांना लागते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं असावं. मागच्या सहलीनंतर मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तिकडे जायचं तर आधी थोडी थाई भाषा शिकून जावं का? की हातवाऱ्यांवर आणि फोनवर निभावतं? मी उत्तर देताना अडखळतो, कारण मला आमच्या पोहोचबाई आठवतात.

पोहोचबाई हे त्यांचं पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. एकतीस वर्षं त्या आवक-जावक टेबलावर आहेत. आलेलं पत्र आवक नोंदवहीत, गेलेलं पत्र जावक नोंदवहीत, आणि दोन्हींवर घेणाऱ्याची सही. ही सही म्हणजे पोहोच. ती घेतल्याशिवाय बाई हातातला कागद सोडत नाहीत. एकदा मोठ्या साहेबांनी घाईत लिफाफा ओढला, तर लिफाफ्याचं दुसरं टोक बाईंनी धरून ठेवलं होतं. "साहेब, आधी सही," असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की साहेबांनी स्वतःचं पेन शोधलं.

बाईंनी लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता आणि बाई पंधराच्या. त्याची वेणीफणी सोडून सगळं त्यांनी केलं, असं त्या स्वतःच हसून सांगत. हा धाकटा पुढे छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला शिकला आणि त्याच कामावर तिकडे गेला. गेला तो सव्वीस वर्षं तिकडेच राहिला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात वरची खोली त्याने भाड्याने घेतली होती. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. बाई सोमवारी कचेरीत आल्या की चेहऱ्यावरून कळायचं, काल काय बोलणं झालं ते.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले. धाकट्याला रजा मिळाली नाही. पंधरा दिवसांनी येतो म्हणाला. बाई तेव्हा दवाखान्याच्या जागरणांनी पार थकलेल्या होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "आता आलास काय नि न आलास काय, सारखंच." तो आला नाही. पुढच्या रविवारी फोनही आला नाही. त्याने केला नाही म्हणून यांनी केला नाही. चार वर्षं अशी गेली. मग एके दिवशी त्याच्या कामावरच्या कुणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या. फुप्फुसाचा आजार होता, तो गेला, तिकडचे विधी तिकडेच उरकले.

त्यानंतर महिनाभराने, दुपारी साडेतीनच्या सुमारास, कचेरीतच बाईंचा फोन वाजला. मी समोर उभा होतो. पलीकडे त्या घरमालकीणबाई होत्या. त्यांना थाईखेरीज काही येत नव्हतं. त्या अकरा मिनिटं बोलल्या. मधेच रडल्या, तो आवाज मलाही ऐकू आला. आमच्या बाई फोन कानाला गच्च धरून "हो... हो..." म्हणत होत्या. फोन बंद झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिने सगळं सांगितलं हो," त्या म्हणाल्या. "शेवटचं सगळं सांगितलं तिने. आणि मला एक अक्षर कळलं नाही."

त्या आठवड्यात बाईंनी थाईचं पुस्तक मागवलं.

वय सत्तावन्न. जेवणाच्या सुट्टीत अभिलेख कक्षात, जुन्या फायलींच्या दोन रांगांमध्ये स्टूल टाकून बसायच्या आणि फोनवरच्या धड्यामागे म्हणायच्या. त्या भाषेत आवाज चढवला की शब्दाचा अर्थ एक आणि उतरवला की दुसरा, म्हणून त्यांनी वहीत प्रत्येक शब्दावर लाल-निळ्या पेन्सिलीने वर-खाली बाण काढले होते. कचेरीतल्या लोकांना तर चघळायला विषयच मिळाला. थाई बायका बोलताना वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात असं कळल्यापासून आमचा कॅशियर म्हणायचा, "बाई दिवसभर आम्हाला खा-खा म्हणतात, आणि डबा मात्र एकट्या खातात."

"तुझी बायको देते तो डबा संपव आधी," बाई म्हणायच्या. "रोज अर्धा परत नेतोस. तिची पोहोच नको द्यायला?"

आठ महिन्यांनी सहल निघायची ठरली तेव्हा तिकडेच जायचं हे कुणी सुचवलं ते मी सांगणार नाही. यादी माझी असते, एवढंच सांगतो. प्रवास कंपनीचा माणूस माहिती द्यायला कचेरीत आला. गॉगल डोक्यावर, हातात रंगीत कागद. कुणीतरी त्याला विचारलं, भाषेचं काय?

"काही लागत नाही हो! हसायचं, बोट दाखवायचं, फार तर फोन पुढे करायचा. मी बावीस वेळा गेलोय, मला थाईत 'नको' एवढंच येतं. मावशी, तुम्ही पुस्तकबिस्तक घेऊन बसलाय ते कशाला?"

"मावशी म्हणायला तुझ्या आईची नि माझी ओळख आहे का?" बाई म्हणाल्या. "आणि मला तिकडे काही विकत घ्यायचं नाहीये. मला विचारायचंय."

विचारायचे प्रश्न चाळीस होते. जाण्याआधी ती यादी त्यांनी मला तपासायला दिली. फूटपट्टीने रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, मराठी, थाई उच्चार, पाठ झाल्याची तारीख. तो कुठे झोपायचा. खोकला केव्हापासून होता. संध्याकाळी काय करायचा. सगळे साधे प्रश्न. फक्त सातवा प्रश्न होता, 'तो माझ्यावर रागावला होता का?' मी म्हणालो, "बाई, हा सातवा नको, शेवटी घ्या. आधी सोपे, मग अवघड." त्यांनी तो चाळिसावा केला. मी खाली सही केली.

जाण्याच्या आधल्या आठवड्यात बाईंनी घरमालकीणबाईंना फोन करून सांगितलं: मी त्याची मोठी बहीण, गुरुवारी सकाळी येते. पलीकडून एकच शब्द आला, 'ये', आणि तो बाईंना कळला. त्यांचा चेहरा असा खुलला की बस. तयारी पुरेशी आहे असा त्यांचा समज झाला, आणि माझाही.

गुरुवारी सगळे खरेदीला गेले. मी आणि बाई पत्ता दाखवत एका गल्लीत पोहोचलो. दोन माणसं शेजारी चालली तर खांदे लागतील एवढी गल्ली, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे, आणि एका दारातून शिलाई यंत्राचा आवाज. आम्ही दारात उभे राहिलो तसा तो आवाज थांबला. सत्तरीच्या एक किरकोळ बाई उठल्या. गळ्यात मोजपट्टी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आमच्या बाईंनी स्वतःची ओळख सांगितली. मग यादी न काढता, स्वच्छ आवाजात, बाण होते तिथे आवाज चढवत-उतरवत, पहिला प्रश्न विचारला.

घरमालकीणबाईंना इतका आनंद झाला! हिला भाषा येते, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी आमच्या बाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या बोलायला लागल्या. पाच मिनिटं झाली, सहा झाली. आणि मी पाहिलं, आमच्या बाईंच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, त्या दुपारी फोन कानाला लावल्यावर होता तो.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. यादीत उत्तराचा रकानाच नव्हता. एकतीस वर्षं आवक आणि जावक दोन्ही सांभाळणाऱ्या बाईंनी नुसती जावक तयार केली होती. आणि चौतीस वर्षं कागद तपासणाऱ्या मी त्याच्यावर सही केली होती.

मी फोन काढला, भाषांतराचं बटण दाबलं आणि पुढे केला. फोन खणखणीत मराठीत म्हणाला, "कापड खिडकी झोपली पाणी गरम त्याला नको." घरमालकीणबाई दचकल्या. आमच्या बाई म्हणाल्या, "ते आत ठेवा हो."

मग त्यांनी घरमालकीणबाईंकडे पाहून मान हलवली. नाही कळलं. कानाला हात लावला, पुन्हा मान हलवली. मग घरमालकीणबाईंनी चष्मा नीट केला, आमच्या बाईंचं मनगट धरलं आणि त्यांना जिन्याने वर नेलं. मी मागून गेलो.

वरच्या खोलीत आता कापडाचे गठ्ठे होते. घरमालकीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि एकच शब्द म्हटला. पलंग. मग दोन्ही तळवे गालाला लावले. झोपायचा. खिडकी. खुर्ची. खुर्चीत बसून दाखवलं, पाय कठड्यावर टाकले. आमच्या बाई एकदम हसल्या. "घरीही असाच बसायचा! किती ओरडले असेन मी!" लहान मुलाला शिकवावं तसा एकेक शब्द येत होता आणि बाई तो मागून म्हणत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. डाव्या बाजूला अनुक्रमांक टाकत होत्या. दीड तासात एकोणचाळीस प्रश्न झाले. खोकला कसा होता ते घरमालकीणबाईंनी खोकून दाखवलं तेव्हा मात्र बाईंनी लिहिलं नाही.

चाळिसावा प्रश्न उरला. बाई खिडकीजवळ गेल्या, परत आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "याची पोहोच आवाजातच राहू दे. तुमच्या फोनमध्ये आवाज साठतो ना?" मी चालू केलं. मग त्यांनी विचारलं.

याला बोट दाखवून उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. घरमालकीणबाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि सात मिनिटं बोलल्या, या वेळी हळू. मधे एकदा हसल्या, एकदा मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आमच्या बाई उभ्या राहून ऐकत होत्या. काही कळत नव्हतं, तरी एक शब्द सुटू नये अशा.

परतीच्या बसमध्ये गॉगलवाला म्हणाला, "काय मावशी, झाला का त्या थाईचा उपयोग?"

"झाला ना," बाई म्हणाल्या. "विचारता आलं."

या गोष्टीला आता सात महिने झाले. ती सात मिनिटं मी बाईंच्या फोनमध्ये घालून दिली. परत आल्यावर कॅशियरने त्याचा कोणी ओळखीचा शोधला, थाई भाषांतर करणारा. कॅशियरला थट्टेची सवय आहे, पण माणूस मनाचा मऊ. म्हणाला, "बाई, द्या इकडे. एका दिवसात मराठीत आणून देतो."

"एका दिवसात कशाला, तासाभरात होईल," बाई म्हणाल्या. "आणि मग उद्यापासून मी काय ऐकू?"

त्यामुळे अभिलेख कक्षातलं स्टूल तिथेच आहे. जेवणाच्या सुट्टीत बाई दोन-तीन वाक्यं ऐकतात, पुस्तक काढतात, पुन्हा ऐकतात. आठवड्याला एखादं वाक्य लागतं. लागलं की त्या ते वहीत तारीख घालून उतरवतात. ही वही आवकेची. पहिली तीन मिनिटं झाली आहेत. त्यांत राग हा शब्द अजून आलेला नाही. पुढे कुठेतरी असेल किंवा नसेलही. मला मोह होतो. ती सात मिनिटं माझ्याही फोनमध्ये अजून आहेत. पण बाईंच्या नावचा लिफाफा मी कसा फोडू?

गेल्या शुक्रवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात वही उघडी होती. शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, "वाचा. मी तीनदा तपासलंय."

लिहिलं होतं: 'रविवारी सकाळी तो बाहेर जात नसे. फोन घेऊन खिडकीत बसायचा.'

मी वाचलं. बाईंनी वही मिटली.

"मीही बसायचे हो," त्या म्हणाल्या. "दहा ते अकरा. दाराची कडी वाजली तरी उठायचे नाही."

मग त्यांनी वही पुन्हा उघडली, त्या नोंदीपुढचा मोकळा रकाना माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं.

"सही करा," म्हणाल्या. "मिळालं म्हणून."