हायवे फक्त जेंट्ससाठी

मी पडले ती हायवेवर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. मी पडले बोळिंजमध्ये, आमच्या बिल्डिंगपासून चालत पाच मिनिटांवर, एका मेडिकलसमोर. रविवारची सकाळ होती, रस्ता रिकामा होता. कडेला उभ्या असलेल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी सायकलसकट त्या दारावर आदळले. डाव्या खांद्याजवळ कडकन काहीतरी वाजलं. ते माझं हाड होतं, हे मला जमिनीला टेकायच्या आतच कळलं असावं.

गाडीतून उतरलेल्या गृहस्थांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मॅडम, या वयात सायकल कशाला चालवायची?"

माझी पन्नाशी नुकतीच उलटली होती. खांद्यातून कळा येत होत्या, डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी मी म्हटलं, "आणि या वयात दार उघडताना मागे बघायला काय होतं?"

मेडिकलवाल्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नवरा रिक्षा घेऊन आला. दवाखान्यात एक्स-रे निघाला, कॉलरबोन मोडलं होतं. हात गळ्यात बांधून नवऱ्यानं मला घरी आणलं. घरी आल्यावर त्यानं सायकल बाल्कनीत नेऊन ठेवली, तिच्यावर जुनी चादर टाकली आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता पुरे. बरी झालीस की विकून टाकू."

"विका," मी म्हटलं. "मी दुसरी घेईन."

सायकलचं हे वेड मला उशिरा लागलं. गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब बघते. दोन वर्षांपूर्वी एकदा रिक्षा बंद होत्या आणि महिनाअखेर असल्यामुळे मला जाणं भाग होतं. शेजारच्या मुलीची गिअरची सायकल मागून घेतली आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून निघाले. शाळेनंतर सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या चौकापर्यंत हँडल थरथरत होतं. स्टेशनचा पूल चढताना वाटलं, उतरावं आणि ढकलत न्यावी. उतरले नाही. कारखान्यात पोचले तेव्हा कपडे घामानं चिकटले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. आमचे शेठ म्हणाले, "काय हो, लॉटरी लागली काय?" मी हिशेबाची वही उघडली. रोज रिक्षात बसून ज्या रस्त्याला मी शिव्या घालत असे, तो रस्ता त्या दिवशी माझ्या पायांनी मागे टाकला होता. हे शेठना कसं सांगणार?

महिन्याभरात पातळ टायरची, वाकड्या हँडलची रोड सायकल घेतली. आणि मग आमच्या भागातला सायकलवाल्यांचा ग्रुप भेटला. दर रविवारी उजाडायच्या आत बोळिंज नाक्यावर जमायचं, कधी अर्नाळा-निर्मळ-कळंब असा किनाऱ्याचा रस्ता धरायचा, कधी विरार फाट्यावरून हायवेला लागायचं. ग्रुपचे प्रमुख एक निवृत्त होत आलेले गृहस्थ. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, मीही म्हणे. माणूस वाईट नाही, उलट फार मायाळू. पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या मागे पडले तेव्हा तेच उलटे फिरून आले. म्हणाले, "मॅडम, वाऱ्याशी एकट्या भांडू नका. पुढच्याच्या चाकामागे राहा. वारा तो खाईल, तुम्ही फक्त पायडल मारा." मी त्यांच्या मागे लागले आणि खरंच, सायकल एकदम हलकी झाली. रोड सायकलिंगमधला पहिला धडा मला त्यांनीच दिला, हे मी नाकारत नाही.

ग्रुपमध्ये बायका दोनच. एक मी, आणि दुसरी राजोडीची एक तरुण नर्स. तिची ड्युटी रात्रीची असली की ती झोप न काढता थेट राइडला यायची. रविवारी आठच्या मिसाला चर्चमध्ये पोचायचं म्हणून बऱ्याचदा अर्ध्यातूनच वळायची. बोलायची कमी. मला ताई म्हणायची.

हात गळ्यात असताना मी रोज संध्याकाळी बाल्कनीत जाऊन उजव्या हातानं सायकलची चाकं पुसायची. नवरा बघायचा आणि पेपर वर धरायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हाड नीट जुळलंय, हळूहळू सुरू करा. त्याच दिवशी ग्रुपवर कॅप्टनांचा मेसेज आला. मॅडमचा अपघात लक्षात घेता, सुरक्षिततेसाठी यापुढे हायवेच्या राइड फक्त जेंट्ससाठी असतील. लेडीज मेंबरनी बीच रूट करावा. खाली हात जोडलेले, फुलं, अंगठे. अंगठे पंधरा-वीस तरी असतील.

मी तो मेसेज तीनदा वाचला. मी ज्या रस्त्यावर पडले तो रस्ता बंद नव्हता. ज्या गृहस्थांनी दार उघडलं त्यांच्या गाड्या बंद नव्हत्या. बंद झाला तो हायवे, ज्यावर मला आजवर साधं खरचटलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी सायकल न घेता चालत नाक्यावर गेले. सगळे चहाच्या टपरीपाशी उभे होते. मी म्हटलं, "कॅप्टन, मी बोळिंजमध्ये पडले. मग बोळिंज बंद करा ना."

दोघं-तिघं हसले. कॅप्टन हसले नाहीत. "मॅडम, चेष्टा नको. हायवेवर कंटेनर जातात. तुमचं काही झालं तर तुमच्या मिस्टरांना काय तोंड दाखवू?"

"गेल्या पावसाळ्यानंतर तुम्ही स्वतः हायवेवर शिरसाडला पडलात. टाके पडले. तेव्हा जेंट्सना हायवे बंद केला होता?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. बाकीचे आपापल्या हेल्मेटचे पट्टे बघू लागले. नर्स माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी कॅप्टन म्हणाले, "ग्रुप म्हटला की नियम आले. जबाबदारी माझी आहे."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी ग्रुपबरोबर येत नाही. तुम्ही निघाल त्या दिवशी, त्याच वेळी, मीही त्याच रस्त्यावर असेन. रस्ता काही ग्रुपचा नाही."

बोलून घरी आले. बोलणं सोपं होतं. इतके दिवस बसून अंगातला सगळा दम गेला होता, आणि पुढे एक महिन्यानं वाघोबा खिंडीची राइड ठरलेली होती. मनोरपर्यंत हायवे, तिथून पालघरच्या रस्त्याला वळून घाट, आणि तेवढंच परत. धडधाकट असतानासुद्धा ती राइड मी एकदाच केली होती, तीही दुसऱ्यांच्या चाकामागे लपून.

मग मी किनाऱ्याचा रस्ता धरला. बीच रूट करा म्हणाले ना, तोच केला, पण माझ्या पद्धतीनं. कामावरून आले की कपडे बदलायचे आणि निघायचं. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, कळंब, पुढे भुईगावपर्यंत जाताना वारा पाठीशी असतो, आपण फार भारी आहोत असं वाटतं. परत वळलं की खाडकन तोंडावर. संध्याकाळचा तो समुद्रावरचा वारा माणसाला जागेवर उभा करतो. पुढे कुणाचं चाक नाही, आडोसा नाही. खांदा ठणकायचा. केळीची पानं फडफडायची, मी जीव खाऊन पायडल मारायची आणि शेजारून नारळाची टोपली घेतलेला सायकलवाला निवांत पुढे निघून जायचा. कळंबला सुकत घातलेल्या मासळीपाशी बसलेली एक बाई मला रोज बघायची. एकदा तिनं विचारलंच, "कुठं पोचायचं हाय गो तुला एवढं? पानी तरी पी." मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "वाघोबा खिंडीत." तिनं कपाळाला हात लावला. "मंग हिकडं काय करते?"

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी परतताना राजोडीच्या वळणावर नर्स सायकल घेऊन उभी दिसली. मी न थांबता पुढे गेले. तिच्यावर रागच होता मला. ती मागून आली आणि बरोबरीनं चालवायला लागली.

"ताई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं."

तिनं गिअर बदलला. मग ती म्हणाली, "हॉस्पिटलात दिवसभर हो सर, हो मॅडम करते. एका रविवारी तरी ते नको म्हणून मी सायकलवर बसते. आणि तिथंपण तेच." असं म्हणून ती माझ्या पुढे गेली आणि हातानं खूण केली, मागे लागा. नंदाखालपर्यंत तिनं वारा खाल्ला, तिथून पुढे मी. त्या दिवसापासून आम्ही दोघी.

राइडच्या पहाटे नवरा माझ्याआधी उठलेला होता. त्यानं चहा टाकला होता. बाल्कनीतली चादर घडी घालून ठेवली होती. म्हणाला, "मी गाडी घेऊन मागून येऊ का?"

"नको. अहो, तुम्ही मागे असलात की मी तुम्हालाच बघत बसेन."

"मग मनोरला पोचलीस की फोन कर."

"करेन," मी म्हटलं. त्याला वाटणारी भीती खोटी नव्हती. पण ती त्याची होती. मी ती पाठीवर घेऊन घाट चढू शकले नसते, आणि हे मी त्याला तसंच सांगितलं. तो बाटलीत पाणी भरत राहिला.

नाक्यावर ग्रुप जमला होता. आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिलो. कॅप्टननी पाहिलं, शिट्टी वाजवली, सगळे निघाले. आम्ही त्यांना पुढे जाऊ दिलं, मग निघालो. कुणाच्या मागे चिकटून आलो असं कुणी म्हणायला नको होतं.

हायवे तसाच होता जसा असतो. कडेला फुटक्या टायरचे तुकडे, काचा, अंगावर हवेचा धक्का देत जाणारे कंटेनर. थंडीचे दिवस होते, वारा समोरून. दोघीच असल्यामुळे पाळी पटकन यायची. श्वास जागेवर येतो न येतो तोच पुन्हा पुढे. वैतरणेच्या पुलावर माझा खांदा इतका भरून आला की मी डावा हात सोडून एका हातानं चालवत राहिले. नर्स ओरडली, "थांबायचं?" मी नाही म्हणून मान हलवली. एका ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून वाकून टाळ्या वाजवल्या आणि काहीतरी ओरडला. टिंगल होती की कौतुक, कळलं नाही. दोन्ही चाललं असतं.

मनोरला वडापाव खाल्ला, घरी फोन केला, आणि पालघरच्या रस्त्याला लागलो. मासवण मागे पडलं, झाडी दाट झाली आणि चढ सुरू झाला. चढावर कुणाच्या चाकामागे लपून काही फायदा नसतो, जो तो आपला. नर्स पुढे निघून गेली. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि फक्त पुढचं एक वळण बघायचं ठरवलं. मध्यावर समोरून ग्रुप उतरताना दिसला. एकामागून एक सगळे सणसणत गेले. कुणी ओरडलं, "मॅडम, लय भारी!" कॅप्टन माझ्या अगदी जवळून गेले. त्यांनी समोरच पाहिलं.

मला रडू आलं असं वाटलं, पण ते रडू नव्हतं, राग होता, आणि त्या चढाला तो फार उपयोगी पडला. तेवढ्यात मागून ब्रेकचा आवाज आला. ग्रुपमधला एकजण वळून परत चढत होता. नाक्यावर ज्यांना हसू आलं होतं त्यांतलाच. म्हणाला, "दुसऱ्यांदा चढतोय मॅडम, हळू चालवा जरा." मी हळू चालवलं नाही.

वर वाघोबाच्या देवळापाशी माकडं होती आणि नर्स कठड्यावर पाय सोडून बसली होती. तिनं उठून मला मिठी मारली. दुखऱ्याच खांद्यावर. मी बोंबलले आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो.

घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. अंघोळीच्या आधी ग्रुपवर आमचा खिंडीतला फोटो टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर मला ग्रुपमधून काढलेलं होतं. नर्सला नव्हतं काढलं. ती स्वतः बाहेर पडली, आणि तो दोनदा चढणाराही.

आता रविवारी त्याच नाक्यावरून दोन ग्रुप निघतात. आमच्यात सध्या सात-आठजण आहेत, बायका जास्त. आमच्यातली एक अजून मागे पडते, तेव्हा कुणीतरी वळून तिच्याकडे जातं. कॅप्टन मध्ये एकदा अर्नाळ्याच्या रस्त्यावर समोरून आले, त्यांनी हात केला, मीही केला. त्यांचा नियम त्यांनी बदललेला नाही. त्यांनी बदलावा म्हणून मी वाट बघत नाही.

सध्या भांडण सोसायटीशी चालू आहे. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये कागद चिकटवलाय, सायकल लिफ्टमधून नेऊ नये. परवा खाली भेटले तेव्हा त्यांनी तो मला वाचून दाखवला. मी म्हटलं, "तुमचा सोफा गेला लिफ्टमधून, फ्रिज गेला, गणपतीसुद्धा याच लिफ्टमधून गेला. सायकल जाईल." आणि पुढचं चाक वर उचलून, सायकल उभी धरून, मी आत शिरले. नवरा आधीच आत होता. त्यानं आमच्या मजल्याचं बटण दाबलं.